शालिक गवंडी मूर्ती बसवतो

आवळटोल्यात एक भोळा गवंडी होता. त्याचं नाव शालिक. त्याचा हात सरळ, त्याची भिंत सरळ, आणि डोकं तर ओळंबा लावून बसवल्यासारखं सरळ. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. लोक म्हणायचे, शालिकभाऊला काम सांगणं सोपं आहे. फक्त सांगून झाल्यावर तिथून हलायचं नाही.

घरात तीन माणसं. शालिक, त्याची बायको कुंदा आणि त्याची म्हातारी माय, भागरताबाई. म्हातारीची फार वर्षांची एकच इच्छा होती. घरात बुद्धाची मूर्ती असावी. जुन्या मातीच्या घरात बाबासाहेबांची एक तसबीर होती, तीही चुलीच्या धुरानं काळवंडायची. म्हातारी ती रोज पदरानं पुसायची आणि म्हणायची, "पक्कं घर होऊ दे बापा, मग मूर्ती आणू."

यंदा पक्कं घर झालं. शालिकनं स्वतः बांधलं. एक मोठी खोली, एक दार, गज लावलेली एक खिडकी आणि पूर्वेच्या भिंतीत एक सुबक कोनाडा. बुद्धपौर्णिमेला पंधरा दिवस होते. तालुक्याच्या विहारातले भंतेजी येऊन मूर्ती बसवून देतो म्हणाले. फक्त एक म्हणाले, "सगळी तयारी घरधन्यानं आपल्या हातानं करावी."

हे ऐकून कुंदाचा भाऊ राजरत्न पोट धरून हसला.

"भाऊजी करतील तयारी?"

कुंदाला राग आला. "करतील. एकट्यानं करतील. पौर्णिमेला ये आणि पाहून जा."

झालं. आता माघार नव्हती.

पहिलं काम मूर्ती आणायचं. कुंदानं शालिकला दारात उभं करून बजावलं, "अजी, मूर्ती नाजूक असते. बसमधून नीट बसवून आणा. धक्का लागला नाही पायजे."

"नीट बसवून आणतो," शालिक म्हणाला.

तो तालुक्याला गेला. हातभर उंचीची, पांढरीशुभ्र, डोळे मिटलेली मूर्ती घेतली. बसमध्ये चढला. खिडकीजवळची जागा पाहून मूर्ती तिथं नीट बसवली, आणि स्वतः शेजारी उभा राहिला. कंडक्टर आला.

"ही जागा कुणाची?"

"बुद्धाची."

"तिकीट?"

"द्या की."

"पूर्ण की अर्धं? वय काय?"

शालिकनं विचार केला. "अडीच हजार वर्षं झाली असतील जी."

"पंचाहत्तरच्या वर फुकट आहे," कंडक्टर म्हणाला. "आधार कार्ड दाखवा."

आधार कार्ड नव्हतं. शालिकनं पूर्ण तिकीट काढलं. मूर्ती आरामात गावी आली. कुठंही धक्का लागला नाही. फक्त कुंदाची आत्या पार्बताबाई त्याच बसमध्ये होती. ती गुडघे धरून उभ्यानं आली. तिनं बसथांब्यापासून घरापर्यंत भेटेल त्याला हे सांगितलं.

कुंदानं कपाळाला हात लावला. "अजी, म्हातारी माणसं उभी ठेवून मूर्तीले काहून बसवता? असं काही आणायचं तर फडक्यात गुंडाळायचं, मांडीवर घ्यायचं आणि दोन्ही हातानं घट्ट धरून बसायचं."

"समजलं," शालिक म्हणाला. "पुढल्या वेळी तसंच करतो."

आणि त्याला खरंच समजलं होतं. हीच तर अडचण होती.

पुढल्या वेळी मेणबत्त्या आणायच्या होत्या. पंचवीस, मोठ्या, पांढऱ्या. शालिकनं त्या घेतल्या, फडक्यात गुंडाळल्या, मांडीवर घेतल्या आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. वैशाखातली भर दुपार. खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, काही गळून राहिलं तुमचं."

"गळू दे. सोडायचं नाही म्हणून सांगतलं आहे."

आवळटोला आला. बस थांबली. शालिक उठला नाही.

"उतरा न भाऊ," कंडक्टर म्हणाला.

"उतरतो जी. मी उतरतो. पॅन्ट येत नाही."

शेवटी ड्रायव्हरनं पान्ह्यानं खरवडून त्याला सोडवला. शालिक घरी आला तेव्हा त्याच्या दोन्ही मांड्यांवर मिळून एकच मेणबत्ती होती. पंचवीस वाती तिच्यातून चहूकडे डोकावत होत्या.

कुंदा म्हणाली, "मेण आहे ते! उन्हानं वितळणार नाही तर काय? असं काही आणलं की घरी आल्याबरोबर बादलीभर थंड पाण्यात बुडवून ठेवायचं. संध्याकाळी काढायचं."

"समजलं. पुढल्या वेळी तसंच करतो."

कुंदानं दुसऱ्या मेणबत्त्या गावातल्या दुकानातून स्वतः आणल्या आणि कुणाला सांगितलं नाही. शालिकला तिनं उदबत्त्या आणायला पाठवलं. चंदनाचे दहा पुडे आणि सोबत काड्यापेट्या. यात काय बिघडणार, असं तिला वाटलं.

शालिक सावलीसावलीनं आला. आल्याबरोबर बादली भरली. माठातलं थंड पाणी घातलं. दहा पुडे बुडवले. काड्यापेट्या तरंगत होत्या, म्हणून त्यांच्यावर वीट ठेवली. संध्याकाळी त्यानं हात घातला तेव्हा बादलीत काळा चिखल होता आणि काड्या होत्या. कोणती काडी उदबत्तीची आणि कोणती पेटीतली, ते वीटसुद्धा सांगू शकली नसती.

तो चिखल त्यानं अंगणात नेऊन ठेवला. म्हशीनं ते पाणी पिऊन टाकलं. पुढचे दोन दिवस म्हैस हंबरली की आख्ख्या गल्लीत चंदनाचा वास सुटायचा. शेजारीपाजारी वंदना सुरू झाली समजून पायातल्या चपला काढायचे.

या वेळी म्हातारीनं समजावलं. मायेनं, हळू आवाजात. "बापा, असल्या वस्तूले पाणी दाखवायचं नाही. उलटं करायचं. आणल्या आणल्या छपरावर नेऊन उन्हात पसरायचं. खडखडीत वाळली पायजे."

"खडखडीत. समजलं माय."

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. आता फुलं. आवळटोल्याच्या तलावात कमळं होती. कुंदा म्हणाली, "एकवीस कमळं काढून आणा." शालिक गळ्याएवढ्या पाण्यात शिरला. पायाला जळवा लागल्या तरी हटला नाही. एकवीस म्हणजे एकवीस कमळं त्यानं काढली, एकही पाकळी न मोडता. असं काम गावात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

मग ती कमळं त्यानं छपरावर नेऊन उन्हात पसरली.

चार वाजता कुंदानं विचारलं, "कमळं कुठं आहेत?"

"होत आली," शालिक म्हणाला. "अकरा झाली. दहा अजून जरा नरम आहेत."

त्यानं एक कमळ आणून तिच्या कानाशी हलवून दाखवलं. ते वाजलं. खडखडीत.

कुंदा रागावली नाही. ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. शालिकला फार वाईट वाटलं. तो तिच्या शेजारी बसला. "माह्यं काय चुकलं ते सांग न. मी मनापासून करतो. सांगशील तसंच करतो."

"तेच तर," कुंदा म्हणाली. मग तिनं डोळे पुसले आणि त्याला नीट, एकेक शब्द करून सांगितलं. "फूल असो की माळ असो, सावलीत ठेवायची. ओलं फडकं घालायचं. आणि तासातासाले वरून पाणी शिंपडायचं. आता म्हणून दाखवा."

"फूल असो की माळ असो. ओलं फडकं. तासातासाले पाणी."

"झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिक पुन्हा तलावात उतरला आणि पुन्हा एकवीस कमळं आणली. सावलीत ठेवली. ओलं फडकं घातलं. तासातासाला पाणी शिंपडलं. कमळं टवटवीत राहिली. कुंदाला वाटलं, चला, सुटलो.

दुपारी राजरत्न आला. त्यानं दिव्यांची रंगीत माळ आणली होती. ती त्यानं दारावर लावली, तार जोडली. वीज गेलेली होती, म्हणून लागते का ते पाहता आलं नाही. जाताना म्हणाला, "भाऊजी, माळेवर लक्ष ठेवा."

शालिकनं लक्ष ठेवलं. माळेवर ओलं फडकं घातलं. एक वाजता पाणी शिंपडलं. दोन वाजता शिंपडलं. तीन वाजता तो तांब्या घेऊन उभा राहिला आणि नेमकी वीज आली.

मोठा आवाज झाला. शालिक उडून विटांच्या ढिगावर जाऊन बसला. गल्लीतले सगळे पंखे थांबले. सतरा घरांतली माणसं हातपंखे घेऊन बाहेर आली आणि शालिककडे पाहत उभी राहिली.

लाइनमन आला. त्यानं फडकं पाहिलं, तांब्या पाहिला, शालिककडे पाहिलं.

"नशीब म्हणून वाचला तू," तो म्हणाला. "ज्याच्यात पॉवर असते ना, त्याले हात लावायचा नाही. दुसऱ्यालेही लावू द्यायचा नाही. लाकडी पाटावर उभं राहायचं, मगच समोर जायचं. ध्यानात राहील?"

"ज्याच्यात पॉवर असते त्याले हात लावायचा नाही," शालिक म्हणाला. "लाकडी पाट. समजलं जी."

पौर्णिमेचा दिवस उजाडला. कोनाड्यात पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर मूर्ती. बाजूला बाबासाहेबांची तसबीर, नव्या काचेची. समोर कमळं, मेणबत्त्या आणि कुंदानं गुपचूप आणलेल्या उदबत्त्या. सगळी माणसं पांढरे कपडे घालून आली. राजरत्नही आला. त्यानं खोली पाहिली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. कुंदाची मान ताठ झाली.

तेवढ्यात भागरताबाई पार्बताबाईला म्हणाली, "आपल्या भंतेजीच्या बोलण्यात लई पॉवर आहे, बाई."

शालिकनं ते ऐकलं. आणि तो पाट आणायला गेला.

भंतेजी जीपमधून उतरले तेव्हा दारात शालिक पाटावर उभा होता. त्यानं लांबूनच हात जोडले. लोक पाया पडायला पुढं सरकले तसा तो ओरडला, "हात लावू नोका! पॉवर आहे!" पार्बताबाई वाकली होती, तिला त्यानं काठीनं अलगद मागं सारलं. भंतेजी थांबले. त्यांनी पाटाकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. "असू द्या," ते म्हणाले. "मन शुद्ध आहे." ते बाजूनं वळसा घालून आत गेले.

कुंदा शालिकच्या कानात म्हणाली, "आता मी काही सांगत नाही. कोणी काही सांगत नाही. आजच्या दिवस फक्त भंतेजी सांगतील तेच करा. शब्दाबाहेर जाऊ नोका."

"नाही जात," शालिक म्हणाला.

भंतेजी आसनावर बसले. म्हणाले, "आता त्रिशरण आणि पंचशील घेऊ. मी म्हणेन ते माझ्या मागून म्हणा."

शालिक उठला. सगळ्यांना ओलांडून गेला. भंतेजी आणि कोनाडा यांच्यात वीतभर जागा होती, तिच्यात शिरून भंतेजींच्या पाठीमागं बसला.

"तुम्ही पुढं या," भंतेजी म्हणाले.

"तुम्ही पुढं या," शालिक मागून म्हणाला.

भंतेजी खोकले. शालिक खोकला.

"जरा पाणी द्या."

"जरा पाणी द्या."

पाण्याचे दोन पेले आले. भंतेजी प्यायले. शालिकही प्यायला. राजरत्ननं रुमाल तोंडात कोंबला होता. पण भंतेजी जुने जाणते होते. त्यांनी डोळे मिटले आणि सरळ वंदना सुरू केली. शालिक मागून म्हणत राहिला, मोठ्यानं, एकही शब्द न चुकवता. भागरताबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिच्या घरात मूर्ती बसली होती.

मग भंतेजी चार शब्द बोलले. "आज तुमच्या घरी बुद्ध आले. पण घरात लोभ, द्वेष आणि मोह तसाच पडून असेल, तर काय उपयोग? तो आजच बाहेर काढा. आणि ध्यानात ठेवा, मोह मोठा चिवट. सोडला तरी परत येतो. परत येताना दिसला, की दार पक्कं बंद करा."

शालिक विचारात पडला. लोभ घरात कुठं दिसला नव्हता. द्वेष गावच्या दुकानातही मिळत नव्हता. पण मोह घरात होता. दोन पोती. आमच्याकडे मोहाच्या झाडाच्या फुलांना नुसतं मोह म्हणतात. भागरताबाईनं चैत्रात उन्हं तापायच्या आत, रोज कंबर वाकवून तो वेचला होता आणि वाळवून कोपऱ्यात ठेवला होता.

शालिकनं हात वर केला. "भंतेजी, आमच्या घरी मोह आहे."

"सगळ्यांच्याच घरी असतो."

"आमच्या इथं जास्त आहे."

भंतेजींना कौतुक वाटलं. इतकं खरं बोलणारा माणूस विरळा. "कधीपासून आहे?"

"चैत्रापासून."

"एवढं नेमकं आजवर कुणी सांगितलं नाही," भंतेजी म्हणाले.

"सगळा काढायचा का जी?"

"कणभरही ठेवू नका."

"माय रडंल."

"मोह सुटताना माणूस रडतंच."

"पण मग टाकू कुठं?"

भंतेजींना अगदी भरून आलं. ते म्हणाले, "कुठं टाकू नका. मला देऊन टाका. मी घेऊन जातो."

सगळे जेवायला बसले तेव्हा शालिकनं दोन्ही पोती एकेक करून खांद्यावर घेतली आणि भंतेजींच्या जीपमध्ये मागच्या बाजूला नीट रचली. वरून ताडपत्री घातली. कोपरा झाडून जी सात-आठ फुलं निघाली, तीही नेऊन टाकली. कणभरही ठेवू नका, असा शब्द होता.

भंतेजी निघाले. पाहुणे पांगले. बाहेर गरम वाऱ्याची लू सुटली होती. कुंदा, भागरताबाई, पार्बताबाई आणि राजरत्न, सगळे खीर खाऊन मूर्तीसमोर गार फरशीवर आडवे झाले. कूलर घुमत होता. हां हां म्हणता सगळ्यांना झोप लागली. शालिक एकटा जागा होता. त्याला फार हलकं वाटत होतं.

इकडे जंगलाच्या नाक्यावर जीप अडवली गेली. मोहाची दारू काढतात, म्हणून तिथं प्रत्येक गाडी तपासायचे. नाकेदारानं ताडपत्री उचलली.

"भंतेजी, हा मोह कुणाचा?"

"माझा नाही," भंतेजी म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," नाकेदार म्हणाला.

मग फोनाफोनी झाली. दीडेक तासानं शालिकचा फोन वाजला. भंतेजींचा ड्रायव्हर होता.

"शालिकभाऊ, गाडीत मोह तुम्ही ठेवला?"

"हो जी. सगळा."

"आमची नाक्यावर चौकशी चालली आहे. इथं सह्या झाल्या की भंतेजी तो मोह घेऊन परत तुमच्याकडे येत आहेत."

शालिकनं फोन ठेवला. भंतेजी म्हणाले होते तसंच झालं. सोडला, तरी परत येत होता. दार पक्कं बंद करायला हवं होतं.

दुसऱ्या कुणाला पक्कं म्हटलं तर कडी आठवली असती, कुलूप आठवलं असतं. शालिक गवंडी होता. पक्कं म्हणजे काय, ते त्याला तीस वर्षं ठाऊक होतं.

घर बांधून उरलेल्या विटा अंगणात होत्या. त्यानं त्या आत घेतल्या. सिमेंटची अर्धी गोणी आत घेतली. रेती घेतली, पाणी घेतलं. थापी, ओळंबा, दोरी घेतली. स्वतः आत आला. कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून पाय न वाजवता चालला. उंबऱ्यावर पहिला थर लावला. मग दुसरा. दोरी धरून, ओळंबा लावून, विटांचे सांधे एकावर एक येऊ न देता. आयुष्यात इतकी सुंदर भिंत त्यानं बांधली नव्हती. शेवटची वीट चौकटीखाली बसली तेव्हा खोलीत खिडकीपुरताच उजेड उरला आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

भागरताबाई जागी झाली. तिनं दाराकडे पाहिलं. दार नव्हतं. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. पोती नव्हती. ती किंचाळली. सगळे उठले. कुंदा धावत गेली आणि थेट भिंतीला थडकली.

बाहेरून आवाज आला. "शालिक! दार कुठं आहे?"

शालिक खिडकीच्या गजांशी गेला. "कोण?"

"मी. भंते."

"एकटेच आहात, की मोह आहे संगं?"

"आहे न! दोन्ही पोती आणली आहेत. घ्या बापा आत."

"नाही जी," शालिक म्हणाला. "तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही."

भागरताबाईनं शालिकला बाजूला ढकललं आणि गज धरून ओरडली, "भंतेजी, तो माहा मोह आहे! माहा! मी सोडला नाही, मी सोडणार नाही!"

भंतेजी जीपला टेकून इतके हसले, इतके हसले, की ड्रायव्हरनं त्यांना धरलं. हसू आवरून ते खिडकीपाशी आले.

"शालिक, चूक माझी आहे. मोह राहू द्या बाहेर. पण ही भिंत फोडा आणि बायामाणसांना बाहेर येऊ द्या."

शालिकनं भिंतीवरून हात फिरवला. बोटांना ओलं सिमेंट लागलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी नाराजी दिसली. ताजं काम फोडा असं कुणी गवंड्याला सांगतं का?

"आत्ता कशी फोडता येईल जी? ओली आहे," तो म्हणाला. "सात दिवस पाणी मारल्याशिवाय हिले हात लावता येत नाही. आतल्या अंगानं मी मारतो. तुम्ही बाहेर आहातच, तर तिकडून जरा सकाळ-संध्याकाळ मारत जा न."